'रिॲक्शन' नावाचा गोंधळ: ईएनएल, चार औषधं आणि पालघरमधून दिसणारे संशोधनाचे प्रश्न

बोईसरमध्ये 'रिॲक्शन' हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी ऐकू येतो. तारापूर एमआयडीसीतल्या बल्क ड्रगच्या कारखान्यात शिफ्टवर गेलेला माणूस 'रिॲक्शन चालू आहे' म्हणतो, तेव्हा तो रिॲक्टरमधल्या बॅचबद्दल बोलत असतो. मेडिकल स्टोअरसमोर उभा असलेला माणूस 'गोळीची रिॲक्शन आली' म्हणतो, तेव्हा त्याला औषध सोसलेलं नसतं. आणि कुष्ठरोगाच्या दवाखान्यात डॉक्टर 'टाइप २ रिॲक्शन' लिहितात, तेव्हा अर्थ आणखी वेगळा असतो. तिथे बिघाड औषधात नसतो. शरीराची प्रतिकारयंत्रणाच भडकलेली असते.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. रुग्ण दुसरा अर्थ धरून बसला, तर तो कुष्ठरोगाच्या गोळ्या बंद करतो. ज्या काळात त्या बंद करायच्या नसतात, नेमक्या त्याच काळात. म्हणून आजच्या लेखाची सुरुवात या शब्दापासून.

आजचा विषय आहे एरिथेमा नोडोसम लेप्रोसम, थोडक्यात ईएनएल. जगाच्या हिशेबात हा दुर्मिळ, चिवट, दाहाचा आजार. पण १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा राज्यात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण जास्त सापडणाऱ्या जिल्ह्यांपैकी आहे. त्यामुळे जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू या पट्ट्यात काम करणाऱ्यांना तो परका नाही. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर 'दुर्मिळ आजारावर औषध चालतं हे सिद्ध कसं करायचं?' हा प्रश्न शिकायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आधी आजार समजून घेऊ

कुष्ठरोगाचे जंतू सगळ्यांच्या शरीरात सारखे वाढत नाहीत. काहींच्या अंगावर एखाद-दुसरा बधीर चट्टा असतो आणि जंतू जवळपास सापडतच नाहीत. दुसऱ्या टोकाला लेप्रोमॅटस प्रकार. त्यात प्रतिकारशक्ती जंतूंना ओळखून थोपवत नाही आणि कातडीत, नसांत त्यांचा प्रचंड साठा होतो. ईएनएल येतो तो याच टोकाच्या रुग्णांना, आणि थोड्या प्रमाणात त्याच्या शेजारच्या बॉर्डरलाइन लेप्रोमॅटस प्रकारात.

मेलेल्या आणि मरणाऱ्या जंतूंचे तुकडे शरीरात पडून राहतात. त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, दोन्ही मिळून गुंते बनतात आणि ते ऊतींत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकतात. तिथे न्यूट्रोफिल पेशी धावतात, टीएनएफसारखी दाह वाढवणारी द्रव्यं सुटतात. यंत्रणा अजून पूर्ण उलगडलेली नाही, पण ढोबळ चित्र हे.

रुग्णाला काय दिसतं? अंगावर लाल, गरम, हात लावू न देणाऱ्या गाठी. ताप. सांधे सुजलेले, हाडं दुखणारी, नसा ठणकणाऱ्या. कधी डोळा लाल होतो, कधी अंडकोष सुजतो. नसेतला दाह वेळेत आवरला नाही तर हाताची बोटं वाकतात, पाऊल लोंबतं. म्हणजे जंतू मेले तरी अपंगत्व येऊ शकतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ईएनएल उपचारापूर्वी, उपचार चालू असताना किंवा उपचार संपल्यावरही येतो. बारा महिन्यांची एमडीटी पूर्ण करून 'बरा झालास' असं ऐकलेल्या माणसाला सहा महिन्यांनी हे सुरू होतं, तेव्हा त्याला वाटतं, रोग परत आला. घरच्यांनाही तेच वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं.

हैदराबादमधल्या रुग्णांचा अकरा वर्षांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लेप्रोमॅटस रुग्णांपैकी ४९.४ टक्के आणि बॉर्डरलाइन लेप्रोमॅटसपैकी ९ टक्के जणांना ईएनएल झाला होता. त्यांतल्या फक्त ६ टक्के रुग्णांना एकदाच झटका येऊन प्रकरण संपलं. ३२ टक्क्यांना पुन्हापुन्हा झटके आले आणि ६२ टक्क्यांचा आजार दीर्घकालीन ठरला. हे तीन आकडे डोक्यात ठेवा, पुढे लागतील.

औषध पहिलं: प्रेडनिसोलोन

सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे स्टेरॉइड. लवकर लागू पडतं, स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं. राष्ट्रीय कार्यक्रमात रिॲक्शनसाठी ठरलेला नेहमीचा कोर्स १२ आठवड्यांचा: रोज ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग दर दोन आठवड्यांनी ३०, २०, १५, १०, ५ असं उतरवत न्यायचं.

आता जरा हिशेब करू. १४ दिवस गुणिले (४० + ३० + २० + १५ + १० + ५), म्हणजे एका कोर्सला १,६८० मिलिग्रॅम. ठीक आहे.

पण ईएनएलची व्याख्या बघा. २४ आठवड्यांपेक्षा जास्त काळ चाललेला आणि औषध बंद करताच २८ दिवसांच्या आत उसळणारा ईएनएल दीर्घकालीन मानतात. हैदराबादच्या अभ्यासात निम्म्याहून जास्त रुग्ण दीर्घकालीन गटात होते. म्हणजे कोर्स १२ आठवड्यांचा आणि आजार २४ आठवड्यांहून लांब! डोस २० किंवा १५ वर आला की गाठी परत येतात, डोस पुन्हा वाढतो, पुन्हा उतरतो. समजा एखाद्याला दोन वर्षं सरासरी रोज २० मिलिग्रॅम लागलं, तर एकूण १४,६०० मिलिग्रॅम होतात. एका ठरलेल्या कोर्सच्या साधारण पावणेनऊ पट.

इतक्या स्टेरॉइडचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत: मधुमेह, मोतीबिंदू, ठिसूळ हाडं, दबलेला क्षयरोग उफाळणं, साधा संसर्गही जीवावर बेतणं. इथिओपियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदींवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ईएनएलच्या रुग्णांमधले मृत्यू इतर कुष्ठरुग्णांपेक्षा जास्त आढळले आणि त्यांचा संबंध दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडशी दिसला.

त्यात आपल्याकडची एक अडचण. गोळीने दोन दिवसांत ताप उतरतो, माणूस कामावर जाऊ शकतो. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे पगार कापला. मग चिठ्ठी जुनी असली तरी मेडिकलवरून तीच गोळी घेतली जाते, कुणी न सांगता चालू राहते आणि पैसे संपले की एकदम बंद होते. दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड असं एकदम थांबवणं धोक्याचं, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं तोवर कमी केलेलं असतं.

म्हणून संशोधनाचा खरा प्रश्न असा मांडला जातो: स्टेरॉइड कमी लागेल असं काय देता येईल?

औषध दुसरं: थॅलिडोमाइड

हे नाव ऐकून दचकायला होतं आणि ते बरोबरच आहे. १९५७ मध्ये जर्मनीत झोपेचं औषध म्हणून ते बाजारात आलं. गरोदर बायकांनी घेतलं आणि हातपाय न वाढलेली हजारो मुलं जन्माला आली. १९६१ च्या अखेरीस ते जर्मनीतून मागे घेतलं गेलं.

१९६४ मध्ये जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन या डॉक्टरांकडे ईएनएलने बेजार झालेला एक रुग्ण होता. वेदनेमुळे झोप नाही. शिल्लक असलेलं थॅलिडोमाइड त्यांनी निव्वळ झोपेसाठी दिलं. रुग्ण झोपला, आणि त्याच्या गाठीही विरल्या. शेस्किन यांनी ते आणखी रुग्णांवर पाहिलं आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध केलं. हे औषध टीएनएफ कमी करतं हे कळायला १९९१ साल उजाडावं लागलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये त्याला मान्यता दिली, तीही ईएनएलसाठीच.

योगायोगाची ही गोष्ट छान वाटते, पण तुम्ही तिच्याकडे संशोधक म्हणून बघा. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या समन्वयाने थॅलिडोमाइडची चाचणी झाली, १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. तुलना ॲस्पिरिनशी होती. रुग्ण? फक्त पुरुष. कारण उघड आहे. पण त्याचा अर्थ असा की पुराव्याची सुरुवातच अर्ध्या रुग्णांना वगळून झाली. स्त्रियांना हे औषध द्यायचं तर खात्रीचं गर्भनिरोधन, वारंवार तपासणी आणि औषधाचा कडक हिशेब लागतो. घरात पाच जण एकाच डब्यातल्या गोळ्या वापरतात तिथे हे सगळं कसं करणार? ब्राझीलमध्ये कुष्ठरोगासाठी हे औषध चालू राहिलं आणि १९६५ नंतरही तिथे बाधित मुलं जन्मली. औषध परिणामकारक आहे, पण व्यवस्था पुरी पडत नाही, असं हे उदाहरण.

औषध तिसरं: क्लोफाझिमिन

क्लोफाझिमिन १९५० च्या दशकात डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या गटाने शोधलं, ते क्षयरोगासाठी. पुढे ते कुष्ठरोगाच्या एमडीटीत आलं: जास्त जंतूंच्या प्रकारात रोज ५० मिलिग्रॅम आणि महिन्यातून एकदा ३००, सोबत रिफाम्पिसिन आणि डॅप्सोन. ते जंतूंविरुद्ध चालतंच, शिवाय दाहही कमी करतं. ईएनएलसाठी मात्र मात्रा मोठी लागते: रोज ३०० मिलिग्रॅमपर्यंत आणि मग हळूहळू कमी. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणून तीव्र झटक्यात ते एकटं पुरत नाही, स्टेरॉइड कमी करायला मदत म्हणून दिलं जातं.

आणि त्याने कातडी काळपट-लालसर होते. चेहऱ्यावर दिसते. औषध थांबवल्यावर रंग उतरतो, पण काही महिने जातात. ज्या आजाराबद्दल गावात आधीच कुजबुज असते, त्यात उपचारानेच चेहरा बदलावा, ही रुग्णासाठी छोटी गोष्ट नाही.

संशोधकासाठी यात एक कोडं आहे. क्लोफाझिमिनची दुहेरी-अंध चाचणी कशी घ्याल? म्हणजे कोणाला औषध, कोणाला नकली गोळी हे रुग्णालाही कळू नये आणि डॉक्टरलाही. दोन महिन्यांत कातडीच सांगून टाकते! मग दुखण्याचा अंदाज, गाठी मोजणं, सगळ्यावर त्या माहितीची सावली पडते. उपाय आहेत: गाठी मोजणारा वेगळा ठेवणं, रक्तातल्या मापांसारखे मतावर न चालणारे निकष घेणं. पण हे आखणी करतानाच सुचायला हवं, निकाल लिहिताना नाही.

औषध चौथं: मेथोट्रेक्झेट

संधिवातात वर्षानुवर्षं वापरलेलं, पेटंट नसलेलं, स्वस्त. ते ईएनएलमध्ये स्टेरॉइडची गरज कमी करतं का, हे बघणाऱ्या चाचणीची आखणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. बांगलादेश, ब्राझील, इथिओपिया, भारत, इंडोनेशिया आणि नेपाळ असे सहा देश त्यात आहेत. दोन्ही गटांना २० आठवडे उतरत्या मात्रेत प्रेडनिसोलोन. एका गटाला सोबत ४८ आठवडे मेथोट्रेक्झेट, दुसऱ्याला नकली गोळी. मुख्य प्रश्न: जादा प्रेडनिसोलोन कोणाला किती लागलं?

मुख्य निकष कसा निवडलाय ते बघा. 'गाठी गेल्या का' असं विचारलेलं नाही, कारण गाठी स्टेरॉइडनेही जातात. ज्या गोष्टीमुळे रुग्णाचं नुकसान होतं, म्हणजे वाढत जाणारं स्टेरॉइड, तेच मोजायचं ठरवलं. चांगला प्रश्न असा असतो.

व्यवहारात मेथोट्रेक्झेटची एक जीवघेणी अट आहे: ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी कोसळतात. ज्या रुग्णाला एमडीटीची गोळी रोज घ्यायला शिकवलंय, त्यालाच दुसरी गोळी 'फक्त बाजाराच्या दिवशी' असं सांगायचं. शिवाय यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या, आणि गरोदरपणात हेही चालत नाही. तेव्हा चाचणीत औषध यशस्वी ठरलं, तरी मोखाड्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते सुरक्षित देता येईल का, हा पुढचा आणि स्वतंत्र प्रश्न राहतो.

पुरावा किती आहे?

२००९ मध्ये ईएनएलच्या उपचारांचा कोक्रेन आढावा प्रसिद्ध झाला. निकषांत बसणाऱ्या चाचण्या मिळाल्या १३. सगळ्यांचे मिळून रुग्ण ४४५. म्हणजे एका चाचणीला सरासरी ३४. क्लोफाझिमिन प्रेडनिसोलोनपेक्षा सरस, हा निष्कर्ष २४ रुग्णांच्या एका चाचणीवर उभा होता. थॅलिडोमाइडने ॲस्पिरिनपेक्षा जास्त जणांच्या गाठी गेल्या, हा ९२ रुग्णांच्या एका चाचणीवर.

२४ रुग्ण म्हणजे काय? समजा बारा-बाराचे दोन गट. एका माणसाचा निकाल इकडचा तिकडे झाला, तर त्या गटाचं प्रमाण ८ टक्क्यांनी हलतं. एक माणूस वीटभट्टीवर निघून गेला आणि परत तपासणीला आला नाही, एवढ्यानेही निष्कर्ष डळमळू शकतो.

यात आणखी एक सापळा. रुग्ण दवाखान्यात कधी येतो? त्रास कमाल असतो तेव्हा. आणि ईएनएल तर चढ-उताराचाच आजार. शिखरावर असताना चाचणीत घेतलेला रुग्ण पुढच्या महिन्यात काही न देताही थोडा सुधारलेला दिसणार. म्हणून 'आमच्या दहापैकी आठ रुग्णांना बरं वाटलं' हे वाक्य तुलनेच्या गटाशिवाय फारसं काही सांगत नाही.

आधीच्या चाचण्यांची तुलना जमत नव्हती याचं आणखी एक कारण म्हणजे 'सुधारणा' प्रत्येकाने आपापली मोजली होती. म्हणून २०१७ मध्ये एनलिस्ट या आंतरराष्ट्रीय गटाने एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. दहा बाबी: वेदना, ताप, गाठींची संख्या, त्यांतला दाह, त्यांचा पसारा, सूज, हाडांचं दुखणं, सांधे, लसीका ग्रंथी आणि नसांचा हळवेपणा. ८ पर्यंत गुण असले तर सौम्य, ९ पासून तीव्र. मोजपट्टी बनवणं हे औषध शोधण्याइतकं चमकदार वाटत नाही. पण तिच्याशिवाय औषधाबद्दल दोन केंद्रं एकमेकांशी बोलूच शकत नाहीत.

'दुर्मिळ' कोण ठरवतं?

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. कुष्ठरोगाचं प्रमाण मोजताना ज्यांची एमडीटी चालू आहे असे रुग्ण मोजतात. दर दहा हजारांत एकापेक्षा कमी, या निकषावर भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचं उद्दिष्ट गाठलं. बारा महिने पूर्ण झाले की रुग्णाचं नाव त्या मोजणीतून उतरतं.

आणि ईएनएल बऱ्याचदा त्यानंतर येतो, वर्षानुवर्षं टिकतो. समजा विक्रमगडचा एक तरुण बोईसरच्या कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. गोळ्या पूर्ण केल्या, नाव उतरलं. सात महिन्यांनी ताप आणि गाठी. तो कामाच्या जागी खासगी डॉक्टरकडे जातो. चट्टा आता दिसत नाही, जुन्या आजाराबद्दल तो स्वतःहून सांगत नाही, कारण सांगितलं तर भाड्याची खोली जाईल ही भीती. ॲलर्जी, संधिवात, टायफॉइड अशी नावं पडतात. स्टेरॉइडने बरं वाटतं. हा माणूस कुठल्या आकड्यात आहे? कुठल्याच नाही.

म्हणजे आजाराची दुर्मिळता काही अंशी आजाराची आहे आणि काही अंशी आपल्या वहीची. आणि वही रुग्ण कमी दाखवत असेल, तर औषधांची मागणी कमी धरली जाते, चाचण्यांना पैसा मिळत नाही, आणि पेटंट नसलेल्या जुन्या औषधांवर चाचणी घ्यायला कंपनीला कारणही उरत नाही.

तुमच्यासाठी काही प्रश्न

संशोधनाचा आराखडा लिहायला बसाल तेव्हा सहा देशांची चाचणी डोळ्यांसमोर ठेवू नका. पालघरसारख्या जिल्ह्यात बसून उत्तर शोधता येईल असे प्रश्न आहेत:

एमडीटी पूर्ण झालेल्या, सुरुवातीला बॅक्टेरियल इंडेक्स जास्त असलेल्या रुग्णांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी भेटलं तर किती जणांना ईएनएल सापडतो? हैदराबादच्या अभ्यासात इंडेक्स ४ च्या वर असलेल्यांना धोका जास्त दिसला होता, तेव्हा कोणाकडे आधी जायचं ते आपल्याला माहीत आहे.

एका रुग्णाच्या पोटात दोन वर्षांत एकूण किती मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन गेलं, सरकारी आणि मेडिकलवरचं मिळून?

दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे कामाला गेलेला आणि पावसाला परतणारा रुग्ण तपासणीत कसा टिकवायचा? भेटींच्या तारखा दवाखान्याच्या सोयीने ठरवल्या, तर तुमचा अर्धा डेटा वीटभट्टीवर असेल.

आणि संमतीपत्र. प्रमाण मराठीत छापलेलं संमतीपत्र वारली बोलणाऱ्या बाईला वाचून दाखवून अंगठा घेतला, तर ती संमती झाली का? नैतिकता समिती हा प्रश्न विचारेल. तिने विचारण्याआधी तुम्ही विचारलेला बरा.

शेवटी परत त्या शब्दाकडे. रुग्णाशी बोलताना 'रिॲक्शन' म्हणून थांबू नका. 'गोळीमुळे नाही झालं. मेलेल्या जंतूंवर तुझं शरीर चिडलंय. एमडीटीच्या गोळ्या चालूच ठेव आणि आजच दाखवायला ये' असं सांगा. तीन वाक्यं आहेत, अर्धा मिनिटही लागत नाही. ही तीन वाक्यं सांगितल्याने गोळ्या सोडणारे किती कमी होतात, हे कुणीतरी मोजायला हवं. तुमच्यापैकी कुणी मोजणार असेल, तर तो एक पूर्ण प्रबंध आहे.